कुब्राला कुणी विचारले होते का?

गेल्या वर्षी गणिताचे सर निवडणुकीच्या कामाला गेले होते, म्हणून नववीचा एक तास माझ्याकडे आला. आमची शाळा उर्दू माध्यमाची, कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावातली. वर्गात मुलींचे बाक भरलेले असतात, मुलांचे विरळ. धडा पुढे न्यायचा नव्हता, म्हणून मी इस्मत चुगताई यांची ‘चौथी का जोडा’ ही कथा माझ्या शब्दांत सांगितली. कथा संपली तेव्हा वर्ग गप्प होता. दोघी-तिघींचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘टीचर, पण कुब्राला तो पसंत होता का?’’

मला उत्तर देता आले नाही. ही कथा मी बी.एड.च्या वर्षी वसतिगृहात पहिल्यांदा वाचली आणि पुढे कितीतरी वेळा वाचली. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की आज सदतिसाव्या वर्षी, लग्न न झालेली बाई म्हणून, हाच प्रश्न मला स्वतःलाही कुणी विचारलेला नाही, आणि तो विचारला गेलेला नाही हे माझ्याही लक्षात आले नव्हते.

वय वाढत गेलेली, लग्न न जमलेली स्त्री आपल्या साहित्यात कशी आली आहे, हे मी त्या प्रश्नानंतर पुन्हा एकदा वाचून पाहिले. उर्दूतली एक कथा, मराठीतला एक कथासंग्रह आणि एक नाटक एवढाच मुख्य आधार घेतला आहे. मी काही समीक्षक नाही. शाळेत शिकवणारी आणि वाचनाची आवड असलेली बाई आहे. तरी जे दिसले ते मांडते.

आधी ‘चौथी का जोडा’. लग्नानंतर चौथ्या दिवशी नवरी माहेरी येते, त्या वेळच्या पोशाखाला चौथीचा जोडा म्हणतात. कुब्राची आई कपडा बेतण्यात सगळ्या मोहल्ल्यात नावाजलेली. अपुऱ्या कापडातून पुरा पोशाख काढावा तर तिनेच. बाप खोकून खोकून गेला. थोरली कुब्रा, धाकटी हमीदा आणि आई असे घर. कुब्रासाठी जोडे बेतले जातात, पण पैगाम येत नाही. मग मामाचा मुलगा, राहतमियाँ, पोलिसांतल्या प्रशिक्षणासाठी त्यांच्याकडे मुक्कामाला येतो. आई दागिने विकून त्याला पराठे, कोफ्ते, कोंबडी खाऊ घालते. कुब्रा पडद्याआड राबते, त्याचे कपडे धुते, त्याच्यासाठी स्वेटर विणते. हमीदाला त्याच्याशी हसून-खेळून बोलायला पुढे केले जाते. राहतमियाँ खाऊन-पिऊन, हमीदाची अब्रू घेऊन निघून जातो, कारण त्याचे लग्न दुसरीकडे ठरलेले असते. क्षयाने पोखरलेली कुब्रा मरते. शेवटी आई त्याच चौकीवर पांढरे कापड बेतायला बसते. या वेळी ते कफनासाठी असते.

या कथेवर बोलताना गरिबी, हुंडा आणि पुरुषाचा स्वार्थ या तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. त्या खऱ्याच आहेत. पण माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मी कथा उघडली तेव्हा मला दिसले ते वेगळेच. या घरात कुब्राचा वैरी कुणीच नाही. आई तिच्यावर जीव टाकते. बहीण तिच्यासाठी स्वतःची मान खाली घालते. शेजारणी सल्ले देतात, मानलेली मावशी युक्त्या सांगते. सगळे घर कुब्रासाठी झटते आहे, आणि या झटापटीत कुब्राला एकही माणूस विचारत नाही की हा माणूस तुला हवा आहे का. ती बोलते ते थोडेसे, आणि तेही धाकट्या बहिणीशी. त्याने काय म्हटले, त्याला जेवण कसे वाटले, एवढ्याचीच तिला आस. ज्याच्यासाठी ती राबते त्याच्याशी थेट बोलण्याची वेळ तिच्यावर येतच नाही.

कथेची निवेदिका हमीदा आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. कुब्राची कहाणी कुब्रा सांगत नाही. ती कशी झिजली हे आपल्याला बहिणीच्या डोळ्यांनी दिसते. कुब्राचे हात आपण पाहतो, तिची शरम पाहतो, तिचा खोकला ऐकतो. तिच्या मनात शिरायला मात्र लेखिकेने दार ठेवलेले नाही. ही लेखिकेची चूक आहे असे मी म्हणणार नाही. ज्या घरात मुलीला मन आहे हे कुणी गृहीतच धरत नाही, ते घर असेच लिहावे लागेल. इस्मत आपांनी ते बंद दार दाखवले. आम्ही वाचकांनी मात्र दाराकडे न पाहता राहतमियाँला शिव्या देऊन पुस्तक मिटले.

इस्मत आपा स्वतः शिक्षिका होत्या. बी.ए. आणि त्यावर बी.टी. अशा त्यांच्या पदव्या. बरेलीला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि पुढे मुंबईत शाळा-निरीक्षक असे त्यांनी काम केले. आपल्या मर्जीने शाहिद लतीफ यांच्याशी लग्न केले. स्वतःच्या आयुष्यात ज्या बाईने नाही आणि हो हे दोन्ही शब्द ठणकावून उच्चारले, तिने कुब्राला दोन्हींपैकी एकही शब्द दिला नाही. त्यांच्याच अप्रकाशित कथेवर आधारलेल्या ‘गर्म हवा’ या 1973 च्या चित्रपटातही हीच गत आहे. अमीनाचे एकदा नव्हे, दोनदा लग्न मोडते आणि ती जीव देते. लग्न न झालेल्या मुलीला कथेतून बाहेर काढण्याचा आपल्याकडचा रस्ता बहुतेक वेळा कबरस्तानातूनच जातो.

आता मराठीकडे येते. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनावाने निघाला आणि पांढरपेशा महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. शिकलेल्या, कमावत्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलींचे मन त्यात होते. लेखिका बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्याही शिक्षिकाच. 1905 चा जन्म आणि विश्राम बेडेकरांशी लग्न 1938 साली, म्हणजे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. त्या काळच्या हिशेबाने तिशी उलटलेल्या मुलीचे लग्न ही बोलून दाखवण्याची गोष्ट नव्हती.

या मुली कुब्रापेक्षा एक पाऊल पुढे आहेत, कारण त्यांना मन आहे आणि ते मन स्वतःशी बोलते. पण ते बोलणे कसले, तर शीर्षकातच म्हटल्याप्रमाणे निःश्वास. श्वास आत घेऊन बोलणे वेगळे आणि नुसता तो सोडून देणे वेगळे. आणि एवढा निःश्वास टाकायलाही लेखिकेला दुसरे नाव घ्यावे लागले. या संग्रहातल्या ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या शीर्षकाशी मी पुन्हा पुन्हा अडते. कमावत्या मुलीच्या पगाराची घराला सवय लागते आणि तिच्या लग्नाचा विषय हळूहळू मागे पडतो, ही गोष्ट त्या काळच्या पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण घरापुरती नाही. आमच्या मोहल्ल्यात ती आज घडते आहे.

हे मी वाचलेले सांगत नाही. बी.एड. झाले तेव्हा पैगाम येत होते. ‘आधी नोकरी लागू दे’ असे घरात ठरले. मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसणे. नोकरी मिळाली तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. मधल्या काळात अब्बांची नजर अधू झाली, धाकट्या भावाची फी आली, त्याचे लग्न झाले. कुणी मला अडवले नाही. कुणी जबरदस्तीही केली नाही. वर्षे मात्र गेली. दुसरीकडे, ज्या मुलांबरोबर मी शाळेत होते त्यांतले बहुतेक दहावी-बारावीनंतर आखातात गेले. शिकलेल्या मुलीला तोलाचा मुलगा नाही, आणि कमावणाऱ्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त शिकलेली बायको नको. हा पेच माझ्या वर्गातल्या भरलेल्या आणि विरळ बाकांवर आजच दिसतो. आखातातून चाळिशीला परतलेला, बहिणींची लग्ने लावता लावता स्वतःचे राहून गेलेला भाऊही आमच्याकडे घरोघर आहे. त्याच्यावरही कुणी कथा लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. त्यालाही कुणी विचारले नसेल.

तिसरी कृती विजय तेंडुलकरांची ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. 1967 साली रंगायनने हे नाटक रंगभूमीवर आणले. लीला बेणारे ही चौतिशीच्या घरातली अविवाहित शिक्षिका. एका हौशी मंडळींच्या गटाबरोबर ती गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला जाते. वेळ घालवण्यासाठी म्हणून खोटा खटला सुरू होतो, तिला आरोपी केले जाते, आणि बघता बघता खेळ खरा होतो. तिचे वय, तिचे लग्न न होणे, तिचे मोकळे हसणे हा सगळा पुरावा ठरतो. ज्याच्यापासून तिला दिवस गेले आहेत तो प्राध्यापक दामले तिथे हजरच नाही. पोटातल्या मुलाला बाप मिळावा म्हणून तिने याला-त्याला लग्नाचे विचारले होते, तेही साक्षीदार म्हणून येऊन सांगतात. न्यायाधीश झालेले काशीकर तर बालविवाह पुन्हा सुरू करावेत इथवर पोचतात. बेणारेची भूमिका करणाऱ्या सुलभा देशपांडे स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, हेही इथे आठवते.

बेणारे विचारणारी आहे. कुब्रा आणि शिरूरकरांच्या नायिका यांच्यात आणि तिच्यात हा मोठा फरक आहे. ‘माझ्याशी लग्न करशील का’ असे तिने स्वतःच्या तोंडाने विचारले, आणि नेमका तोच तिचा गुन्हा झाला. नाटकाच्या अखेरीला तिला बोलायला दहा सेकंद दिले जातात. त्या दहा सेकंदांत ती जे लांबलचक स्वगत बोलते ते आपण प्रेक्षक ऐकतो, पण रंगमंचावरचे कोर्ट गोठलेले असते. त्यांच्या कानावर एक अक्षर जात नाही. वेळ संपते आणि आरोपीला काही सांगायचे नाही अशी नोंद होते.

तिन्ही कृती शेजारी ठेवल्या की एक क्रम दिसतो. कुब्रा बोलत नाही. शिरूरकरांच्या मुली बोलतात, पण स्वतःशी. बेणारे सगळ्यांसमोर बोलते, पण कुणी ऐकत नाही. आणि तिघींचा संबंध कुठे ना कुठे शाळेशी आहे. लग्नाविना राहिलेल्या बाईला अब्रूने बाहेर पडण्यासाठी समाजाने पहिली जी वाट दिली ती शिकवण्याची. चाळीस मुलांचा वर्ग एका शब्दात गप्प करणारी बाई स्वतःच्या बैठकीच्या खोलीत मात्र गप्प बसते, ही विसंगती माझ्या परिचयाची आहे.

आता आपल्याकडे, म्हणजे मुस्लिम मराठी साहित्याकडे पाहावे. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, त्यालाही आता पस्तीस वर्षे उलटली. आपल्या साहित्यात स्त्री नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ आहे, मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आहे. तलाकने उद्ध्वस्त झालेली, सवतीने पोळलेली, पोटगीसाठी वणवण करणारी स्त्री आपल्या कथा-कवितांत वारंवार आली आहे. यायलाच हवी होती. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला, तिथपासून 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि 2019 चा कायदा इथपर्यंत तिहेरी तलाक हा देशाच्या चर्चेचा विषय राहिला. चर्चा जिथे असते तिथे लेखणी जाते.

पण जिचा निकाहच झाला नाही तिच्यावर कायदा नाही, मोर्चा नाही, टीव्हीवर वाद नाही. तिच्या दुःखावर कुणाला राजकारणही करता येत नाही. म्हणून ती आपल्या साहित्यातही फारशी नाही. असलीच तर कोपऱ्यात, भाच्यांना सांभाळणारी ‘खाला’ किंवा ‘फुफी’ म्हणून. आपण लग्नाचे घर आतून भरपूर रंगवले, त्याच्या भिंती कशा कोसळतात तेही दाखवले. त्या घराबाहेर उंबऱ्यावर जी वीस वर्षे उभी आहे, ती आपल्या चित्रात आली नाही.

याचे खापर दीनवर फोडायची काही जणांना सवय आहे. मला ते पटत नाही. निकाहात मुलीची रजामंदी ही अट आहे. कुमारिका लाजेने बोलली नाही तर तिची खामोशी हीच इजाजत समजावी, आणि विधवा वा तलाकशुदा स्त्रीने मात्र तोंडाने सांगावे, अशी हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ती मुभा लाजऱ्या मुलीसाठी होती, आणि तीही विचारल्यानंतरच्या क्षणापुरती. आधी विचारणे त्यात गृहीत आहे. आम्ही विचारणे वगळले आणि खामोशी तेवढी ठेवून घेतली. हजरत खदीजा (र.) यांनी स्वतः होऊन पैगाम पाठवला, ही गोष्ट आम्ही मिलादच्या वाअजमध्ये मोठ्या अभिमानाने ऐकतो. आमच्या गावातल्या एखाद्या पस्तिशीच्या मुलीने तसा निरोप पाठवला तर तिचे काय होईल, ते बेणारेच्या कोर्टात पाहून घ्यावे.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे चार बायका आल्या. मुलगा कुवेतहून परतलेला, बायको वारलेली, दोन मुले. अम्मीने पहाटे उठून सांदणे केली होती. पगार किती, बदली होते का, पगार कुणाच्या खात्यावर जमा होतो, असे सगळे विचारून झाले. एकीने माझा हात हातात घेऊन बोटे पाहिली. खडूने बोटांची कातडी फाटते, ते मी लपवले नाही. मला त्या क्षणी कुब्राचे हात आठवले, आणि राहतमियाँला खलीचे कबाब खाऊ घालण्याची ती मस्करीही आठवली. मला हसू येत होते. आठ दिवसांनी निरोप आला की बाकी सगळे ठीक आहे, पण वय जास्त वाटते. अम्मी रात्रभर रडली. सकाळी मी डबा घेऊन शाळेत गेले.

मला तो माणूस पसंत होता का, हे अम्मीने विचारले नाही. तिच्यावर माझा राग नाही, कारण मीही त्याला बघितले नव्हते. फोनवर एक फोटो होता, तोही नीट पाहिला नाही. नकार आला याचेच मला दुःख झाले. मुळात मला हवे काय होते, याचा विचार मी केला नाही. मी इतकी शिकलेली, पण कुब्रापेक्षा काय वेगळे वागले? माझ्यापुरते तरी बंद दार आतूनही लागलेले होते.

याला अपवाद नाहीत असे नाही. कुर्रतुल ऐन हैदर यांच्या 1959 च्या ‘आग का दरिया’ या कादंबरीतली चंपा अहमद मला महत्त्वाची वाटते. फाळणीनंतर तिच्या भोवतीची माणसे पांगतात, ती मात्र इथेच राहायचे ठरवते. तिचे लग्न झालेले नाही आणि कादंबरीने तिला मारलेलेही नाही. ऐनी आपांनी स्वतः लग्न केले नाही. 1989 साली ज्ञानपीठ मिळवले आणि 2007 साली गेल्या, तोवर भरभरून लिहिले. पण चंपा मोठ्या इतिहासाच्या कादंबरीतली आहे. आमच्या खाडीकाठच्या शाळेत सकाळी हजेरी घेणारी, संध्याकाळी अम्मीच्या गोळ्या मोजून ठेवणारी, आणि मनात अजूनही कुणाची तरी वाट पाहणारी बाई कुठे आहे? तिला मारू नका, वलीही करू नका. ती लग्न करील किंवा करणार नाही, पण मधली वर्षेही आयुष्यच असतात, तीही लिहावीत. एवढीच माझी आपल्या लेखक-लेखिकांकडे विनंती आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे मी काय केले ते सांगून थांबते. पुढच्या मोकळ्या तासाला मी वर्गाला सांगितले, की कुब्राला विचारले असते तर ती काय म्हणाली असती ते वहीत लिहा. बहुतेकींनी ‘होता, पण तो वाईट निघाला’ असे लिहिले. एकीने लिहिले की कुब्राने आईला म्हटले असते, दागिने त्याच्या कोंबडीसाठी विकू नकोस, एक शिवणयंत्र घे, आपण दोघी दुकान काढू. एका मुलाने लिहिले की कुब्राने आधी दवाखान्यात जायला पाहिजे होते. आणि जिने प्रश्न विचारला होता तिने अर्धे पान कोरे ठेवले होते. मी कारण विचारले तर म्हणाली, ‘‘टीचर, तिला विचार करायला वेळ नको का?’’

त्या वह्या मी अजून परत केलेल्या नाहीत. अम्मीलाही वाचून दाखवल्या. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘बेटा, तुझं काय म्हणणं आहे?’’ मी तिला सांगितले, की मलाही थोडा वेळ दे.